बर्फ कुठे गार लागतो आणि कुठे नाही : एपिड्युरलविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाविषयी लिहिताना पाठीत बसवल्या जाणाऱ्या एपिड्युरल नळीचा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : औषध चालू असताना शरीराचा कोणता भाग बधिर झाला आहे हे पुन्हा पुन्हा का तपासतात, आणि ते नीट तपासले जात आहे हे कसे ओळखावे. भूलतज्ज्ञ म्हणून मला ही तपासणी फार मोलाची वाटते आणि ती अनेकदा घाईत उरकली जाते याची खंतही वाटते, म्हणून या वेळचे सगळे सदर तिलाच दिले आहे.

प्रश्न : माझ्या आईचे (वय ६८) मोठ्या आतड्याचे ऑपरेशन झाले. तिच्या पाठीत नळी होती आणि त्यातून मशीनने औषध जात होते. तिला अजिबात दुखत नव्हते. तरीही सिस्टर दर काही तासांनी बर्फ घेऊन येत, तिच्या गालाला, छातीला, पोटाला आणि मांड्यांना लावत, पाय हलवायला सांगत आणि कागदावर ‘टी-६’ असे काहीतरी लिहीत. रात्रीही तिला उठवले जाई. दुखत नसताना हा त्रास कशासाठी? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या आईंना दुखत नव्हते हे त्या नळीचेच श्रेय आहे. पण नळीतले औषध नेमके कुठून कुठपर्यंत पोहोचले आहे, हे दुखत नसल्यावरून कळत नाही.

मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाच्या बाहेर आणि मणक्यांच्या हाडांच्या आत एक अरुंद जागा असते. तिलाच एपिड्युरल जागा म्हणतात. मज्जारज्जूतून निघणारे सगळे मज्जातंतू याच जागेतून बाहेर पडतात, त्यामुळे तिथे बधिर करणारे औषध सोडले की ते वाटेतच त्या तंतूंना गाठते. स्पेनमधील लष्करी शल्यविशारद फिदेल पाहेस यांनी १९२१ मध्ये कमरेच्या भागात अशी भूल देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि हवानातील मानुएल मार्तिनेस कुर्बेलो यांनी १९४७ मध्ये तिथे बारीक नळी ठेवून हवा तितका वेळ औषध देत राहणे शक्य करून दाखवले. आजची नळी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे तीन ते पाच सेंटिमीटर टोक आत ठेवतात. मात्र तिच्यातून गेलेले औषध वर किती चढले आणि खाली किती उतरले हे डोळ्यांना दिसत नाही. तेवढेच औषध तरुण माणसात कमी मणक्यांपर्यंत पसरते, तर वयस्क माणसात आणि गरोदर बाईत जास्त पसरते. म्हणून ते त्वचेवरून ओळखावे लागते.

ज्यांनी घरात नागीण झालेले माणूस पाहिले आहे त्यांना हे चटकन समजेल. नागिणीचे फोड पाठीपासून पोटापर्यंत एकाच बाजूने पट्ट्यासारखे उठतात आणि सहसा मधली रेषा ओलांडत नाहीत, कारण तो विषाणू एखाद्याच मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो आणि त्या तंतूच्या हद्दीतच बाहेर येतो. इंग्लंडमधील हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी १९०० मध्ये नागिणीच्या रुग्णांचे असे पट्टे अभ्यासून माणसाच्या त्वचेचा नकाशा मांडला. प्रत्येक मज्जातंतूचा असा एक पट्टा असतो, त्याला आम्ही डर्माटोम म्हणतो. त्याच्या नावातले अक्षर मणक्याचा भाग सांगते : सी म्हणजे मान, टी म्हणजे छाती, एल म्हणजे कंबर आणि एस म्हणजे त्याखालचे माकडहाडाजवळचे हाड. प्रत्येक भागात आकडे वरून खाली वाढत जातात. स्तनाग्रांच्या रेषेवर टी-४, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी टी-६, बेंबीवर टी-१०, जांघेत एल-१, गुडघ्यावर एल-३ आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला एस-१, या खुणा आमच्या डोक्यात पक्क्या असतात. आपल्या आईंच्या कागदावरचा ‘टी-६’ म्हणजे बर्फ छातीच्या हाडाच्या टोकाच्या खाली गार लागत नव्हता आणि वर लागत होता.

पोटाच्या मोठ्या छेदासाठी अशी पातळी चांगली. ती खाली सरकली तर छेदाचे वरचे टोक उघडे पडते आणि पडून राहिल्यावर न दुखणारे पोट खोकताना दुखते, मग माणूस खोकणेच टाळतो आणि छातीत कफ साठतो. ती वर सरकली तर धोका वेगळा असतो. हृदयाचा वेग वाढवणारे तंतू टी-१ ते टी-४ या भागातून निघतात. तिथवर औषध चढले की नाडी मंदावू शकते आणि रक्तदाब घसरू शकतो. आणखी वर, करंगळीत मुंग्या आल्या तर औषध सी-८ पर्यंत पोहोचले असे समजायचे. श्वासपटलाचे तंतू सी-३ ते सी-५ मधून येतात, म्हणून करंगळीच्या मुंग्या ही थांबून डॉक्टरांना बोलावण्याची खूण असते. या सगळ्यात रुग्णाला दुखत मात्र काहीच नसते.

रात्री उठवण्याबद्दलची आपली तक्रार मी समजू शकते. श्वासाची गती आणि गुंगी झोपेतही पाहता येते, पण पाय हलतात का हे झोपलेल्या माणसाकडून कळत नाही. पायांची तपासणी रात्रीसुद्धा निदान दर चार तासांनी व्हावी असेच माझे मत आहे. त्याचे कारण शेवटच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे गार करणारा स्प्रे नाही, आम्ही बर्फ किंवा स्पिरिटचा बोळा वापरतो, काही डॉक्टर सुई टोचून पाहतात. एकाच रुग्णाची पातळी मला टी-६ मिळते, डॉक्टरांना टी-८ मिळते आणि रुग्णही दर वेळी वेगळे सांगतो. बरोबर पद्धत कोणती? – एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून फार बरे वाटले, कारण ही शंका ज्यांना पडते त्यांच्याच वॉर्डात हे काम नीट होण्याची आशा असते. पहिली गोष्ट म्हणजे आपण आणि डॉक्टर दोघेही बरोबर असू शकता. गारवा, टोचणे आणि नुसता स्पर्श या तीन जाणिवा सारख्याच प्रमाणात बंद पडत नाहीत. गारव्याचे आणि टोचण्याचे तंतू बारीक असतात, ते थोड्या औषधालाही दबतात. स्पर्शाचे तंतू जाड असतात आणि हातपाय हलवणारे त्याहून जाड. म्हणून गारवा न कळण्याची हद्द सगळ्यांत वर जाते, टोचणे न कळण्याची तिच्याखाली आणि स्पर्श न कळण्याची आणखी खाली राहते, आणि दोन हद्दींमध्ये एकदोन पट्ट्यांचे अंतर सहज पडते. आपण बर्फाने टी-६ मोजले आणि डॉक्टरांनी सुईने टी-८, तर त्यात भांडण नाही. चूक होते ती कागदावर नुसते ‘टी-६’ लिहिण्यात. ‘बर्फाने, उजवीकडे टी-६, डावीकडे टी-७’ असे लिहिले तर पुढच्या पाळीतल्या सिस्टरला त्याच्याशी तुलना करता येते.

वॉर्डातल्या चालू एपिड्युरलसाठी बर्फ पुरेसा आहे, किंबहुना मला तोच सर्वांत आवडतो, कारण तो फुकट मिळतो, कातडीला इजा करत नाही आणि रुग्णाला त्याची भीती वाटत नाही. रबरी हातमोज्याच्या बोटात पाणी भरून गोठवले की छान कांडी तयार होते आणि पाणीही गळत नाही. स्पिरिटचा बोळा चालतो, पण त्याचा गारवा कमी असतो आणि पंख्याच्या वाऱ्याने बदलतो. तो वापरायचाच असेल तर सगळ्या पाळ्यांनी तोच वापरावा, एकदा बर्फ आणि एकदा बोळा असे करू नये. इंजेक्शनच्या सुईने टोचून पाहण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ती सुई कातडी भेदण्यासाठीच बनवलेली असते, बधिर कातडीवर किती जोर लागला हे रुग्ण सांगू शकत नाही आणि पोटावर रक्ताचे ठिपके राहतात. टोचून पाहायचेच असेल तर त्यासाठी मिळणारी बोथट टोकाची पिन वापरावी आणि ती एका रुग्णानंतर टाकून द्यावी.

आता रुग्ण दर वेळी वेगळे का सांगतो त्याबद्दल. बहुतेक वेळा दोष प्रश्नात असतो. ‘इथे बधिर वाटते का?’ असे विचारले की आपल्याकडची माणसे डॉक्टर-सिस्टरना बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणतात. शिवाय कमी ताकदीच्या औषधाने स्पर्श बऱ्याच अंशी शाबूत राहतो, त्यामुळे बर्फ टेकल्याचे त्यांना कळते आणि ‘लागतंय का?’ या प्रश्नाला ‘लागतंय’ हे उत्तर प्रामाणिकपणे येते. प्रश्न तुलनेचा हवा. आधी बर्फ गालाला लावावा, कारण गाल मणक्यातल्या औषधाच्या हद्दीबाहेर असतो, आणि म्हणावे, “आजी, हा खरा गारवा. आता मी खालून वर येते. जिथं गालाइतकंच गार लागेल तिथं मला थांबवा.” एवढे वाक्य एकदा पक्के केले की निम्मी अडचण संपते. छातीच्या भागात नळी असेल तर तुलनेसाठी हात घेऊ नये, कारण हाताची आतली बाजू टी-१ आणि टी-२ च्या हद्दीत येते.

मांडीपासून सुरुवात करून बधिर भागाकडून शुद्ध भागाकडे, एका वेळी एकाच बाजूने जावे. प्रत्येक ठिकाणी बर्फ दोन-तीन सेकंद टेकवून उत्तराची वाट पाहावी, भराभर ओढत नेऊ नये. रुग्णाने मान दुसरीकडे वळवलेली असावी, म्हणजे बर्फ दिसल्यामुळे येणारे उत्तर टळते. लुगड्यावरून किंवा ड्रेसिंगवरून बर्फ फिरवण्यात अर्थ नाही. छातीच्या भागातली नळी असेल तर बधिरपणाला खालचीही हद्द असते, वरून टी-५ आणि खालून टी-१२ असा पट्टा मिळतो, आणि तो छेदाला दोन्ही टोकांना झाकतो का हे पाहायचे असते. नुसती वरची हद्द लिहून हे काम पूर्ण होत नाही.

काही रुग्णांकडून आकडा मिळतच नाही. गुंगीत असलेली माणसे, विस्मरणाचा आजार असलेली आजी, आपली भाषा न कळणारा मजूर, किंवा ज्याच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने आधीच गेली आहे असा रुग्ण, अशांच्या बाबतीत अंदाजे पातळी लिहू नये. ‘तपासता आली नाही, कारण अमुक’ असे लिहिणे शंभर पटींनी चांगले. मधुमेही माणसाच्या पायांची संवेदना शस्त्रक्रियेआधी पाहून नोंदवली असेल तर पुढे घोटाळा होत नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते ते सांगते. निवासी डॉक्टर असताना एके सकाळी मी मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला पाहायला गेले. तक्त्यावर रात्री दहा, बारा, दोन, चार आणि सहा या पाचही रकान्यांत टी-६ लिहिलेले होते. शेतकरी माणूस, कॉटचा गज मुठीत धरून कुशीवर पडलेला, कपाळावर घाम. “फार दुखतंय का?” विचारल्यावर तो म्हणाला, “सिस्टर येऊन लिहून गेल्या, म्हटलं एवढं दुखायचंच असंल.” बर्फ लावला तर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळीकडे गार. त्याला कुशीवरून वळवले, तर पाठीखालची चादर ओली होती. नळी बाहेर निसटली होती आणि सारी रात्र औषध चादरीत मुरत होते. त्या तक्त्यावरचा पहिला टी-६ माझा होता, संध्याकाळी मी तो खरोखर मोजला होता. पुढचे पाच आकडे त्याच्याच नकला होत्या. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे चाळीस खाटा होत्या, त्यामुळे दोष एकट्या कुणाच्या माथी मारता येत नाही. पण तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे की सलग तोच आकडा दिसला तर समाधान मानण्याऐवजी स्वतः बर्फ हातात घ्यावा.

म्हणूनच पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टरनी ही तपासणी रुग्णाच्या कॉटजवळ दोघींनी मिळून करावी असे मी सुचवेन. त्याच वेळी पाठीवर नळी किती सेंटिमीटरच्या खुणेवर आहे, ड्रेसिंग ओले आहे का आणि जोड सुटला आहे का हेही पाहावे. औषधाचा जादा डोस दिल्यावर पहिली वीस मिनिटे दर पाच मिनिटांनी रक्तदाब घ्यावा आणि वीस ते तीस मिनिटांनी पातळी पुन्हा मोजावी. मशीनचा वेग वाढवण्याआधी पातळी माहीत असलीच पाहिजे. दुखते म्हणून वेग वाढवला आणि पातळी आधीच टी-३ वर होती, असे घडू नये. नळी मागे ओढणे वगैरे मात्र भूलतज्ज्ञांनीच करावे.

पायांची ताकद यासोबतच मोजावी. भूलतज्ज्ञ फिलिप ब्रोमेज यांच्या नावाची मोजपट्टी सोपी आहे : गुडघा आणि पाऊल दोन्ही पूर्ण हलतात, गुडघा जेमतेम वाकतो, फक्त पाऊल हलते, काहीच हलत नाही. दोन्ही पायांचे वेगवेगळे लिहावे.

प्रश्न : मला आठवा महिना आहे आणि बाळंतपणात एपिड्युरल घ्यायचा विचार आहे. माझ्या बहिणीला एपिड्युरल देऊनही डाव्या बाजूला कळा जाणवत होत्या. ‘थोडे जाणवणारच’ असे तिला सांगण्यात आले. काय जाणवणे ठीक आणि काय नाही, हे मला कसे कळेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या बहिणीला जे सांगितले गेले ते अर्धे खरे होते. बाळंतपणात आम्ही मुद्दाम पातळ औषध वापरतो, बहुधा ०.१ टक्क्याच्या आसपास ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध आणि सोबत प्रत्येक मिलिलिटरमागे दोन मायक्रोग्रॅम फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. त्याने कळ बोथट होते, पण पोट घट्ट होणे, बाळाचे डोके खाली सरकल्याचा दाब आणि पाय हलवण्याची ताकद टिकून राहते. हे सगळे राहावे अशीच आमची इच्छा असते, कारण शेवटी जोर आपल्यालाच करायचा असतो. दोन्ही बाजूंना सारखा, सहन होणारा दाब जाणवणे ठीक आहे. एकाच बाजूला किंवा जांघेतल्या एका ठिकाणी तीक्ष्ण कळ येत राहणे ठीक नाही, आणि तिथे ‘थोडे जाणवणारच’ हे उत्तर पुरेसे नाही.

पहिल्या टप्प्यातल्या कळा टी-१० ते एल-१ या तंतूंतून जातात, म्हणून औषध चढल्यावर बेंबीपासून खाली दोन्हीकडे बर्फ गार लागू नये. बाळ खाली उतरताना दुखते ते एस-२ ते एस-४ मधून, त्यामुळे खालचा भागही तपासायला हवा. वीस-तीस मिनिटांनी भूलतज्ज्ञ हे पाहतील. त्याआधीच आपल्या एक गोष्ट लक्षात येईल : तळपाय ऊबदार आणि कोरडे होतात, कारण रक्तवाहिन्या आवळून धरणारे सर्वांत बारीक तंतू आधी दबतात. एकच पाऊल ऊबदार आणि दुसरे थंड राहिले तर ते जरूर सांगावे. नळीचे टोक एका बाजूला सरकल्याची ती खूण असू शकते. बहुतेक वेळा नळी एक-दोन सेंटिमीटर मागे घेऊन आणखी डोस दिला की दुसरी बाजू धरते, नाही धरली तर नळी पुन्हा बसवावी. रात्री तीन वाजता हे मागायला संकोच वाटतो, पण मागावे.

याच नळीतून सिझेरियन करायचे ठरले तर औषध जास्त ताकदीचे द्यावे लागते आणि कसोटीही कडक होते. तेव्हा गारवा टी-४ पर्यंत कळेनासा व्हायला हवा आणि स्पर्शसुद्धा टी-५ पर्यंत कळू नये, कारण पोटातले आवरण ओढले गेल्याची कळ बरीच वर जाणवते. छेद घेण्याआधी दोन्ही बाजू तपासून तसे लिहिले जाते. ओढाताण जाणवेल, पण दुखले तर त्या क्षणी “दुखतंय” असे स्पष्ट म्हणावे, म्हणजे भूलतज्ज्ञ लगेच वेदनेवर उपाय करतील, आणि गरज पडल्यास पूर्ण भूल देतील.

प्रश्न : वडिलांच्या पोटाच्या ऑपरेशननंतर नळी चालू असताना त्यांचा उजवा पाय लाकडासारखा जड झाला. ‘औषधाचा परिणाम आहे’ असे म्हणून कुणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे पाय बरा झाला. आम्ही काय करायला हवे होते? – एक वाचक, लातूर

उत्तर : ते बरे झाले याचा मनापासून आनंद आहे. बहुतेक वेळा तो औषधाचाच परिणाम असतो हे खरे आहे, पण ते सिद्ध करण्याचा एकच मार्ग आहे : औषध थांबवून पाहणे. पोटाच्या वरच्या भागासाठी नळी छातीच्या मणक्यांत असते, आणि तिथून पायांची ताकद सहसा जात नाही. ती गेली, वाढत गेली, किंवा आधी हलणारा पाय हलेनासा झाला, तर मशीन थांबवून दर अर्ध्या तासाने पाय उचलून पाहायला सांगावे. औषध बंद केल्यावर चार तासांत ताकद परतू लागली नाही तर मणक्यात रक्ताची गाठ साठली आहे किंवा पू झाला आहे असे गृहीत धरून तातडीने एमआरआय करावा लागतो. मज्जारज्जूवरचा दाब आठ ते बारा तासांच्या आत काढला तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. रात्री पायांसाठी उठवावे असे मी वर म्हटले ते यासाठीच.

हा प्रकार अत्यंत विरळा आहे. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असणाऱ्यांत त्याची शक्यता वाढते, म्हणून रोजच्या प्रतिबंधक डोसनंतर बारा तास झाल्याशिवाय नळी घालत किंवा काढत नाहीत आणि काढल्यावर पुढचा डोस निदान चार तासांनी देतात. नळी काढल्यानंतरही पायांची तपासणी दिवसभर चालू ठेवावी. पू व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे घरी गेल्यावर ताप, पाठीच्या मधोमध वाढत जाणारे दुखणे, लघवी अडणे किंवा पाय लुळे पडणे यांपैकी काही झाले तर उद्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि ‘पाठीत नळी होती’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

नातेवाइकांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. बधिर पायाला शेकायची पिशवी लावू नये, कारण पिशवी किती तापली आहे हे त्या कातडीला कळत नाही आणि फोड आल्यावरच कळते. आणि टाचा एकाच जागी दाबून राहू देऊ नयेत. पोटरीखाली मऊ घडी ठेवून टाच अधांतरी ठेवावी आणि दर दोन तासांनी तिथली कातडी लाल झाली आहे का ते उजेडात पाहावे.